बर्फाची खतावणी

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात लेक लुईज या छोट्या वस्तीजवळ मोठा महामार्ग सोडून गाडी उत्तरेकडे वळली, की थोड्याच अंतरावर मोबाइलची रेंज जाते. ती पुन्हा भरवशाने मिळते ती सुमारे २३० किलोमीटर पुढे, जास्पर गावाजवळ. मधल्या साऱ्या वाटेत पेट्रोलपंप एकच, सस्कॅचवान क्रॉसिंग येथे, आणि तोही हिवाळ्यात बंद. वाटेत गाव नाही, जाहिरातीचे फलक नाहीत, अवजड मालवाहू ट्रकांना तर या रस्त्यावर मनाईच आहे. दोन्ही बाजूंना रॉकी पर्वताच्या रांगा, त्यांच्या खांद्यांवर बर्फ आणि पायथ्याशी एकामागून एक सरोवरे. या रस्त्याचे नाव ‘आइसफील्ड्स पार्कवे’. जगातील अतिशय देखण्या मोटाररस्त्यांत त्याची गणना होते आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

कॅलगरी, एडमंटन किंवा टोरांटो येथे स्थिरावलेल्या मुलाकडे वा लेकीकडे उन्हाळ्यात जाणाऱ्या आईवडिलांच्या कार्यक्रमात हा प्रवास हल्ली बहुधा असतोच. पुष्कळ जण तो एका दिवसात उरकतात. दोन-तीन सरोवरांवर छायाचित्रे, हिमनदीवर मोठ्या चाकांच्या बसची एक फेरी, आणि रात्री मुक्कामाला परत. शोभा त्यातही दिसते. पण ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या रोजमेळ आणि खतावणी लिहिली गेली, त्या घरांतील माणसांनी या रस्त्याला दोन दिवस द्यावेत. येथे डोंगरावर एक जमाखर्च उघडा पडलेला आहे, आणि तो वाचायला कोणत्याही शास्त्राची पदवी लागत नाही.

प्रवासाला आरंभ होतो तो बहुधा कॅलगरीहून. सपाट माळरान मागे पडते, डोंगर जवळ येतात आणि बॅन्फ राष्ट्रीय उद्यानाची हद्द सुरू होते. कॅनडातील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याचा प्रारंभ १८८५ सालचा. येथून महामार्गाच्या दोन्ही कडांना उंच जाळीचे कुंपण लागते, आणि अधूनमधून डोक्यावरून एखादा रुंद पूल आडवा जातो. त्या पुलावर गाडी दिसत नाही, माणूस दिसत नाही; माती पसरून त्यावर झाडेझुडपे वाढविलेली असतात. हे पूल वन्यप्राण्यांसाठी आहेत. उद्यानाच्या हद्दीतील या महामार्गावर असे ६ पूल आणि रस्त्याखालून जाणारे ३८ भुयारी मार्ग बांधले आहेत. पूल बांधले म्हणून प्राणी लगेच त्यावरून चालू लागले, असे घडले नाही. ग्रिझली अस्वलांना त्यांची सवय व्हायला पाच वर्षांपर्यंतचा काळ लागला. अभियंत्यांनी आणि जीवशास्त्रज्ञांनी तेवढी वाट पाहिली, पावलांचे ठसे मोजले, कॅमेरे लावले. कुंपण आणि हे मार्ग झाल्यापासून वाहनांच्या धडकेत प्राणी सापडण्याच्या घटना ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. या खर्चाचा हिशेब पैशांत मांडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. पण सायंकाळी पुलावरून शांतपणे पलीकडे जाणारे हरणांचे कुटुंब ज्याने पाहिले, त्याला तो हिशेब विचारावासा वाटत नाही.

लेक लुईजच्या पुढचा रस्ता मंदीच्या दिवसांत बांधला गेला. १९२९ नंतरच्या आर्थिक कोसळीने कॅनडात असंख्य हात रिकामे झाले होते. १९३१ साली सरकारने बेकारांना काम देण्यासाठी ही वाट हाती घेतली. एक तुकडी लेक लुईजकडून, दुसरी जास्परकडून निघाली. यंत्रे थोडी, बहुतेक काम फावडी, कुदळी आणि घोडे यांच्या बळावर. मजुरी बेताची, थंडी मात्र हाडे फोडणारी. १९४० साली रस्ता खुला झाला, आणि आजचे त्याचे रुंद व डांबरी रूप १९६१ मधले आहे. महाराष्ट्रातील वडीलधाऱ्या वाचकांना येथे १९७२ च्या दुष्काळातील खडीफोडीची कामे आठवतील. पोटाला घास मिळावा म्हणून निघालेल्या कामातून पुढच्या पिढ्यांना रस्ता मिळतो, हे तिकडेही घडले आणि इकडेही.

पहिला मोठा थांबा सुमारे ३५ किलोमीटरवरचे बो सरोवर. त्याच्या थोडे अलीकडे डाव्या हाताला एका कड्यावर बर्फाचा पसरलेला पंजा दिसतो. ही क्रोफूट, म्हणजे ‘कावळ्याचा पाय’, हिमनदी. नाव ठेवले गेले तेव्हा पंजाला तीन बोटे होती. आज पाहणारा दोनच मोजतो. खालचे बोट विसाव्या शतकात वितळून गेले. नाव मात्र तेच राहिले. पेढीवरच्या पाटीत तीन भावांची नावे असावीत आणि गादीवर दोघेच बसलेले दिसावेत, तसे काहीसे.

बो सरोवराच्या काठी लाल छपराचे एक जुने विश्रामगृह आहे, समोर निश्चल पाणी, आणि पलीकडे वरच्या हिमक्षेत्रातून उतरणारा धबधबा. येथूनच बो नदी निघते. तीच पुढे कॅलगरी शहराला पाणी पाजते. सकाळच्या प्रहरी वारा पडलेला असतो तेव्हा येथे थांबावे. दुपारी पाण्यावर लहरी उठल्या, की डोंगराचे प्रतिबिंब मोडते.

पुढे चढ लागतो आणि रस्ता बो समिट या खिंडीवर येतो. उंची २ हजार मीटरहून थोडी अधिक, या साऱ्या मार्गावरचे सर्वोच्च ठिकाण. वाहनतळापासून थोडे चालून गेले, की झाडी एकदम संपते आणि खाली पायटो सरोवर दिसते. बिल पायटो हा इंग्लंडहून आलेला वाटाड्या. पुढे तो या उद्यानाचा रक्षक झाला. सरोवराचा आकार लांडग्याच्या किंवा कोल्ह्याच्या मस्तकासारखा, आणि रंग असा, की छायाचित्र पाहणाऱ्याला तो कोणीतरी नंतर भरला असावा असे वाटते. नीलमण्याचा निळा आणि पिरोजाचा हिरवा यांच्या मधला, दुधाळ.

हा रंग कोठून येतो, हे समजून घेण्यासारखे आहे. हिमनदी म्हणजे गोठून स्थिर झालेला बर्फ नव्हे. ती स्वतःच्या भाराने उताराकडे सरकते आणि सरकताना तळाचा खडक घासते. जात्यात दळावा तसा तो खडक पिठासारखा बारीक होतो. उन्हाळ्यात बर्फ वितळला, की हे दगडाचे पीठ पाण्याबरोबर सरोवरात येते. जड कण तळाशी बसतात, अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात. सूर्यप्रकाश त्यांवर पडला, की निळे-हिरवे किरण परत फिरतात. म्हणून मे महिन्यात येथे येणाऱ्याला गोठलेले किंवा फिके सरोवर दिसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तोच रंग पराकोटीला पोचतो. ज्या सरोवरामागची हिमनदी पूर्णपणे नाहीशी होते, त्याचे पाणी हळूहळू निवळते आणि हा रंग उतरतो. लोक ज्यासाठी समुद्र ओलांडून येतात, ती शोभा बर्फ खर्ची पडत असतानाच दिसते.

या सरोवराच्या मागे, दृष्टीच्या टोकाला, पायटो हिमनदी आहे. तिचा जमाखर्च शास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या मध्यापासून ठेवीत आले आहेत. जगात इतक्या दीर्घ काळाच्या नोंदी असलेल्या हिमनद्या थोड्याच. पद्धत कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. बर्फात खोल भोके पाडून काठ्या रोवतात. हिवाळा संपताना नव्याने पडलेल्या हिमाची जाडी आणि घनता मोजतात. ती जमा बाजू. उन्हाळा संपताना काठी किती उघडी पडली हे पाहतात. ती खर्चाची बाजू. दोहोंतील फरक पाण्याच्या मापात मांडतात. त्या विद्येत या फरकाला जो शब्द आहे, त्याचा अर्थच मुळी ताळेबंद असा होतो. आणखी एक योगायोग असा, की हिमनदीचे हिशेबी वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. उन्हाळ्याची वितळ थांबली आणि पहिले हिम पडू लागले, म्हणजे साधारणतः ऑक्टोबरच्या आरंभी, जुने पान मिटते आणि नवे उघडते. आपल्याकडे पेढ्यांवर नव्या वह्यांची पूजा होते, त्याच ऋतूत.

पायटोच्या वहीत नफ्याची वर्षे अगदी विरळा आहेत. तूट मागून तूट लिहिली गेली आणि दर वर्षी ती मुद्दलातून भरली गेली. जेथे पूर्वी बर्फाचे नाक टेकलेले होते, तेथे आता पाण्याचे एक नवे तळे साचले आहे.

बो समिटवरून रस्ता उतरत मिस्टाया नदीच्या कडेने खाली येतो. मिस्टाया हा क्री लोकांच्या भाषेतील अस्वलाचा शब्द. वाटेत या नदीने चुनखडकात कोरलेली एक अरुंद, खोल घळ आहे. दहा मिनिटे चालून ती पाहता येते, आणि ती चुकवू नये. मग येते सस्कॅचवान क्रॉसिंग. येथे तीन नद्यांचा संगम होतो: मिस्टाया, हाउस आणि नॉर्थ सस्कॅचवान. पेट्रोल भरणे, चहा पिणे आणि पुढे निघणे, एवढेच बहुतेक प्रवासी येथे करतात. पण व्यापारी घराण्यातील माणसाने पश्चिमेकडच्या त्या रुंद खोऱ्याकडे क्षणभर पाहावे. हाउस नदीच्या काठाने वर गेले, की हाउस खिंड लागते, आणि या प्रदेशाचा नकाशा तेथून चाललेल्या एका व्यापारामुळे तयार झाला.

१८०७ साली नॉर्थ वेस्ट कंपनीचा डेव्हिड थॉम्प्सन हा व्यापारी आणि मोजणीदार या खिंडीतून पलीकडे उतरला. बरोबर त्याची पत्नी शार्लट स्मॉल आणि लहान मुले होती. त्याला पर्वतापलीकडच्या जमातींशी व्यापार जोडायचा होता. माल एकच, बीव्हरचे कातडे. ओढ्यांवर काटक्यांचे बांध घालून राहणाऱ्या या प्राण्याच्या मऊ लोकरीपासून युरोपात पुरुषांच्या टोप्या बनत, आणि त्या टोपीच्या आवडीपायी एका खंडाच्या नद्यानद्यांतून बीव्हर जवळपास संपला. पुढे एकोणिसाव्या शतकात रेशमी टोपीची चाल आली आणि बीव्हर वाचला. (रेशमाच्या किड्याचे काय झाले, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.) खिंडीला नाव मिळाले ते थॉम्प्सनचे नव्हे, ते मिळाले नंतर आलेल्या जोसेफ हाउसचे, जो प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनीचा माणूस होता. वाट आधी पाडणारा एक आणि पाटी दुसऱ्याची, हे बाजारात नवे नाही. या दोन कंपन्यांची जीवघेणी स्पर्धा १८२१ साली त्यांच्या विलीनीकरणाने मिटली.

सस्कॅचवान हे नाव आपल्याकडच्या धान्यबाजारालाही अपरिचित नाही. पूर्वेकडील त्याच नावाच्या प्रांतातून मसूर आणि पिवळा वाटाणा भारताच्या बंदरांवर उतरतो, आणि ‘कॅनडा मसूर’ हा भावफलकावरचा नेहमीचा शब्द आहे. ते पीक बहुतांशी पावसावर येते, हिमनदीच्या पाण्यावर नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या माळरानावरची शहरे आणि कालव्यांखालची शेते ज्या नद्यांवर जगतात, त्यांचा उगम येथे आहे. एडमंटन नॉर्थ सस्कॅचवानचे पाणी पिते. वर्षभराच्या एकूण पाण्यात हिमनदीचा वाटा लहान असतो. मोठा भाग हिवाळी हिमाचा आणि पावसाचा. मात्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कोरड्या वर्षी, डोंगरावरचे हिवाळी हिम संपून गेलेले असते आणि पाऊस नसतो, तेव्हा नदीला आधार उरतो तो जुन्या बर्फाचा. अडीनडीला उपयोगी पडावी म्हणून बाजूला ठेवलेली ती रक्कम आहे. आणि येथे एक फसगत होऊ शकते. बर्फ वेगाने वितळू लागला, की काही वर्षे नदीला उन्हाळ्यात पाणी जास्तच येते. दुकानातील माल पडत्या भावाने काढायला लागले, की संध्याकाळी गल्ला भरलेला दिसतो आणि नवख्या माणसाला धंदा जोरात आहे असे वाटते. वखारीत किती उरले, हे जुना मुनीमच पाहतो.

क्रॉसिंगनंतर दरी अरुंद होत जाते. उजवीकडे वीपिंग वॉल नावाचा एक प्रचंड कडा आहे. त्याच्या भेगाभेगांतून पाणी झिरपत असते, आणि हिवाळ्यात तोच कडा निळसर बर्फाचा पडदा होतो. त्यानंतर रस्ता एक मोठे वळण घेऊन झपाट्याने चढतो. खाली वळून पाहिले, की आलेली सगळी वाट एका धाग्यासारखी दिसते. थोडे पुढे पार्कर रिज ही पायवाट आहे. चढ दमवणारा, पण नागमोडी आणि सुरक्षित. ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी हा चढ अवश्य चढावा. माथ्यावर वारा तोंडावर येतो आणि पलीकडे अचानक सस्कॅचवान हिमनदीची लांबच लांब पांढरी वाट समोर पसरते. नॉर्थ सस्कॅचवान नदीचा उगम तो. खाली संगमावर पाहिलेल्या पाण्याचे घर येथे दिसते.

सनवाप्टा खिंड ओलांडली, की बॅन्फ उद्यान संपून जास्पर उद्यान सुरू होते. उंची २ हजार ३५ मीटर. आणि मग डाव्या हाताला ते येते, ज्याच्यावरून रस्त्याला नाव मिळाले: कोलंबिया हिमक्षेत्र.

या हिमक्षेत्राचा शोध एका चुकीच्या नोंदीमुळे लागला. १८२७ साली डेव्हिड डग्लस हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ उत्तरेकडच्या अथाबास्का खिंडीतून गेला आणि तेथल्या दोन शिखरांना ब्राउन आणि हूकर ही नावे देऊन त्यांची उंची त्याने १६-१७ हजार फूट लिहून ठेवली. ब्राउनची खरी उंची ९ हजार २०० फुटांच्या आसपास आहे. पण आकडा एकदा नकाशात चढला, आणि पुढचे नकाशेही मागील बाकी पुढे ओढावी तसे तो ओढत राहिले. सत्तर वर्षे गिर्यारोहक त्या नसलेल्या महाशिखरांच्या शोधात येत राहिले. १८९३ साली एक प्रवासी तेथे पोचला आणि निराश होऊन परतला. तरीही शंका फिटली नाही. १८९८ मध्ये लंडनचा रसायनशास्त्रज्ञ नॉर्मन कोली आला. हिमालय त्याने पाहिलेला होता. १८९५ साली नंगा पर्वताच्या मोहिमेत तो ममरीसोबत होता, आणि ममरी व दोन गुरखा सोबती तेथून परत आले नव्हते. कोलीच्या या मोहिमेचा वाटाड्या होता तोच बिल पायटो. १८ ऑगस्ट १८९८ रोजी कोली आणि हर्मन वूली अथाबास्का शिखरावर चढले. शिधा संपत आला होता. माथ्यावरून त्यांना ती दोन शिखरे दिसली नाहीत. दिसला तो क्षितिजापर्यंत पसरलेला बर्फाचा सागर, ज्याची नकाशात नोंदच नव्हती. खोटी रक्कम शोधायला गेलेल्याला खरी ठेव सापडली.

हे हिमक्षेत्र २०० चौरस किलोमीटरहून मोठे आहे आणि बर्फाची जाडी काही ठिकाणी ३०० मीटरच्याही पुढे जाते. त्याच्या एका बाजूस स्नो डोम नावाचे घुमटासारखे शिखर आहे. त्या घुमटावर पडलेले हिम वितळून तीन दिशांना जाते: अथाबास्का नदीतून अखेर आर्क्टिक महासागराला, नॉर्थ सस्कॅचवानमधून हडसन उपसागराला, आणि कोलंबिया नदीतून प्रशांत महासागराला. एका छपराच्या तीन पन्हळी तीन समुद्रांत उघडाव्यात, असे ठिकाण पृथ्वीवर क्वचितच सापडते.

हिमक्षेत्रातून रस्त्याच्या दिशेने उतरणारी अथाबास्का हिमनदी सुमारे ६ किलोमीटर लांब आहे. तिच्याजवळ जाता येते, हेच तिचे वैशिष्ट्य आणि हेच तिचे दुर्दैव, कारण तिची घट कोणापासून लपत नाही. १८४४ च्या सुमारास तिचा बर्फ आजच्या रस्त्यापर्यंत पसरला होता. त्यानंतर ती दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. वाहनतळापासून तिच्या मुखाकडे जाणाऱ्या पायवाटेवर उद्यानाने सालांचे फलक रोवले आहेत. १९४२ साली बर्फ येथे होता. १९८२ मध्ये येथे. १९९२ मध्ये येथे. भोवती सगळा उघडा खडक, त्यावर हिमनदीने घासून काढलेल्या समांतर रेघा, बाजूला तिने आणून टाकलेल्या दगडमातीचे उंच बांध.

या वाटेवर एक दृश्य सहज पाहायला मिळते. माणसे आपल्या जन्मसालाच्या जवळचा फलक शोधतात. आजोबा खालच्या एका फलकापाशी थांबतात, मुलगा बराच वर चढून जातो, आणि नातवंडाच्या जन्मसालाची जागा बर्फाच्या अगदी नजीक निघते. तिघांत हाकेचे अंतर असते. छायाचित्र तिघांना एका चौकटीत घ्यायचे म्हटले, तर ते जमत नाही.

मुखाजवळ दोरी बांधलेली आहे. ती ओलांडू नये. बर्फाच्या पातळ थराखाली खोल भेगा लपलेल्या असतात आणि हे नियम जीव गेल्यानंतर केलेले आहेत. ज्यांना प्रत्यक्ष हिमनदीवर उभे राहायचे आहे, त्यांच्यासाठी जाणकार वाटाड्यासह जाण्याची सोय आहे आणि त्या प्रचंड चाकांच्या बसही आहेत. दोरीपाशी शांत उभे राहिले, की बर्फाखालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. मुखाशी आज वितळणारा बर्फ वरच्या क्षेत्रात हिम म्हणून पडला, तेव्हा आपल्या खापरपणजोबांची पिढी नांदत होती. तेथून येथवर सरकत यायला त्याला इतका काळ लागला. त्या जुन्या मुद्दलाचे पाणी होऊन ते समोरून निघून जाते.

येथील हॉटेले आणि उपाहारगृहे मोजकी आहेत. शाकाहारी कुटुंबांनी, विशेषतः कंदमुळे वर्ज्य करणाऱ्यांनी, शिदोरी बरोबर घेणेच उत्तम; खाकरा, ठेपले आणि सुका मेवा या थंड हवेत दोन दिवस सहज टिकतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांना जूनमध्ये अजिबात घाई नाही, कारण सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात मात्र दुपारी साडेचारच्या आतच ताट पुसावे लागते.

शिदोरीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. जास्परच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरवर अथाबास्का नदीच्या काठी एक उंच उघडी दरड आहे. तेथील मातीत क्षार आहेत, आणि ते चाटायला पांढऱ्या लोकरीच्या डोंगरी शेळ्या पिल्लांसह कड्यावरून उतरतात, कधी कधी थेट रस्त्यावर येतात. गाड्या थांबतात. हातातला बिस्किटाचा पुडा आपोआप उघडला जातो, कारण मुक्या जीवाला घास घालणे हे ज्यांच्या घरचे वळण आहे, त्यांना दुसरे काही सुचत नाही. पण येथे तो घास प्राण्याच्या मुळावर येतो. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले जनावर रस्ता सोडत नाही आणि वाहनाखाली सापडते. अस्वल असेल तर ते छावण्यांत शिरू लागते, आणि अखेरीस माणसांच्या सुरक्षिततेसाठी त्याला गोळी घालण्याची वेळ उद्यानाच्याच रक्षकांवर येते. म्हणून येथे वन्यप्राण्यांना खाऊ घालणे हा गुन्हा आहे आणि दंड २५ हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. डबा गाडीत बंद ठेवावा, उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये. गाडीच्या काचा वर करून पाहत राहावे. पिल्लू आईमागे कड्यावर कसे चढते, हे पाहण्यात अर्धा तास सहज जातो.

वाटेतले दोन धबधबे, सनवाप्टा आणि अथाबास्का, यांपैकी दुसरा उंचीने २३ मीटरच आहे. पण त्या अरुंद कातळात एवढी मोठी नदी एकदम कोसळते, की पुलाचा कठडा हाताखाली थरथरतो. तो पाहावा, आणि ओल्या दगडांवर मुलांचा हात सोडू नये.

अखेरीस दरी रुंदावते आणि जास्पर येते. गावात शिरण्याआधीच डोंगरउतार काळे दिसू लागतात. २२ जुलै २०२४ रोजी जास्परच्या परिसरात वणवे पेटले. गाव आणि उद्यान मिळून सुमारे २५ हजार माणसांना रातोरात बाहेर काढण्यात आले. दोन दिवसांनी आग गावात शिरली. १ हजार ११३ इमारतींपैकी ३५८ जळाल्या. वणवा विझवणाऱ्यांपैकी एक तरुण झाड अंगावर पडून गेला. त्या आधीच्या वर्षांत सौम्य हिवाळ्यांमुळे फोफावलेल्या एका भुंगेऱ्याने येथली पाइनची झाडे मोठ्या प्रमाणावर वाळवून टाकली होती. आगीला सरपण तयारच होते. अशा वणव्यांची काजळी वाऱ्याबरोबर जाऊन हिमनद्यांवर बसते. पांढरा बर्फ मळला, की ऊन परतवण्याऐवजी शोषून घेतो आणि आणखी लवकर वितळतो. जमेच्या पानावर शाई सांडल्यासारखे ते दिसते.

गाव मात्र उठले आहे. जळून गेलेल्या दुकानांपैकी काहींनी तात्पुरत्या जागांत पुन्हा मांडामांड केली, हॉटेले उघडली, आणि पाहुण्यांनी यावे असे गावकरी आवर्जून सांगतात. काळ्या पडलेल्या खोडांखाली पहिल्याच उन्हाळ्यात हिरवे कोंब दिसू लागले. मुक्काम येथे करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी भरून त्याच वाटेने दक्षिणेकडे परतावे, कारण डोंगरांवर तेव्हा दुसऱ्या बाजूने ऊन असते. अथाबास्का हिमनदी पुन्हा लागते, ती यावेळी उजव्या हाताला. वाहनतळावर नव्या गाड्या आलेल्या असतात, आणि पायवाटेवर कोणीतरी आपल्या सालाचा फलक शोधीत असते.